गंगापूर रोडच्या आमच्या टॅक्स ऑफिसचं रिनोव्हेशन आणि दर महिन्याचं डीप क्लीनिंग – सविस्तर रिव्ह्यू

आधी मार्क देतो, मग सविस्तर लिहितो. क्लीनिंगला पाचपैकी पाच, डिझाईनला चार आणि काम संपल्यानंतरच्या सर्व्हिसला तीन.

आमचं ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडला, दुसरा मजला, खिडक्या रस्त्याच्या बाजूला, जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम, आठ-दहा जणांचा स्टाफ आणि दिवसभर क्लायंटची ये-जा. ऑफिसचं इंटिरिअर आणि क्लीनिंग दोन्ही करणाऱ्या एका टीमकडून आम्ही दोन कामं करून घेतली, हा रिव्ह्यू त्यांचाच. एक म्हणजे आहे त्याच जागेत बसायची, फाईलींची आणि लाईटची नवीन व्यवस्था, आणि दुसरं दर महिन्याला एक डीप क्लीनिंग, रोजचं झाडू-पोछा आमच्या मावशीच करतात. दोन्ही कामं एकाच टीमनं केली म्हणून एवढा फरक पडला असं माझं ठाम मत आहे. डिझाईन करणाऱ्याला पुढच्या महिन्यात तीच जागा स्वतःच्या माणसांकडून साफ करून घ्यायचीय म्हटल्यावर तो कोपरे वेगळ्या नजरेनं बघतो.

नाशिककरांना धुळीचं वेगळं सांगायला नको. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतोच, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्यात बिल्डिंगला बोरचं पाणी, काच पुसली की वाळल्यावर पांढरे डाग. एसीच्या आऊटडोअर युनिटवर कबुतरं. पावसाळ्यात जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेला चिखल. म्हणजे इथं ऑफिस डिझाईन करताना ह्या चार गोष्टी धरूनच डिझाईन करायला हवं, पण आमचं आधीचं इंटिरिअर ज्यांनी केलं होतं (नाव घेत नाही, ते लोक वाईट नव्हते) त्यांनी मुंबई-पुण्याच्या ऑफिसचे फोटो बघून सगळं केलेलं. काळं हाय-ग्लॉस लॅमिनेट, भिंतभर उघडे रॅक, रिसेप्शनला कार्पेट, फॉल्स सीलिंगला चारी बाजूंनी खोबण करून आत एलईडी पट्टी. उद्घाटनाच्या फोटोत सुरेख दिसलं. पण काळ्या ग्लॉसवर धुळीचा कण न् कण दिसतो आणि पुसलं की फडक्याचे ओरखडे दिसतात, कार्पेटला पहिल्या पावसाळ्यातच कुबट वास सुटला, आणि त्या सीलिंगच्या खोबणीत हात घालायला शिडी लागते त्यामुळे तिथं कोणी कधी फडकं मारलंच नाही. पंखा चालू केला की वरून बारीक भुकटी खाली यायची, स्टाफमधल्या एकीला धुळीची अ‍ॅलर्जी, ती दिवसभर शिंकायची. हे ऑफिस अस्वच्छ होतं ते कोणाच्या आळसामुळे नाही, ते स्वच्छ ठेवताच येणार नाही असं बांधलेलं होतं.

आता ह्या टीमबद्दल. कोटेशन द्यायला आले तेव्हा एक सुपरवायझर ताई आणि एक डिझाईनचं बघणारे दादा असे दोघं होते. बाकीच्या दोन ठिकाणचे लोक आले ते सरळ माझ्या केबिनमध्ये बसले, लॅपटॉप उघडून थ्रीडी दाखवायला लागले. ह्या ताईंनी आल्या आल्या विचारलं, रोज साफ कोण करतं? मावशी पॅन्ट्रीत कप विसळत होत्या. ताई तिथंच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचं फडकं कुठं कुठं पोचत नाही तेवढं दाखवा आधी." मावशी जरा घाबरल्या, त्यांना वाटलं आपली तक्रार झालीय. मग हळूहळू दाखवायला लागल्या. टेबलांच्या खाली मागच्या बाजूला एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेले, वायरींचा गुंता, ओलं फडकं लागून शॉक बसेल म्हणून त्या तेवढी वीतभर पट्टी रोज सोडून द्यायच्या. गेली कित्येक वर्षं. ताईंनी टॉर्च मारला तर तिथं धुळीचे अक्षरशः लोळ, त्यात स्टेपलरच्या पिना, रबर, बिस्किटाचा चुरा, आणि मुंग्यांची रांग. आम्ही रोज त्याच्यावर पाय ठेवून बसत होतो. मावशी अजून एक म्हणाल्या, उकिडवं बसून टेबलाखाली शिरावं लागतं, गुडघे साथ देत नाहीत. एवढी वर्षं आमच्याकडे कामाला आहेत, पण हे त्यांना आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं आणि त्याही स्वतःहून बोलल्या नव्हत्या.

सगळं डिझाईन त्या पॅन्ट्रीतल्या पंधरा-वीस मिनिटांतून निघालं म्हटलं तरी चालेल.

टेबलं नवीन केली ती जाड पॅनेलचे पाय असलेली नाहीत, पातळ लोखंडी फ्रेमवाली, खाली सगळं मोकळं. प्रत्येक टेबलाच्या खालच्या बाजूला जाळीचा केबल ट्रे, स्पाईक गार्ड त्यात बसवलेला, जमिनीवर एकही वायर नाही. ड्रॉवरचे पेडेस्टल चाकावर, ढकलले की सरकतात. सीपीयू टेबलाला टांगलेल्या स्टँडमध्ये. आता मावशी लांब दांड्याचा फ्लॅट मॉप उभ्या उभ्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात. हा मॉपही ह्याच टीमनं सुचवला, मायक्रोफायबरचं पॅड असतं, ते काढून धुता येतं, आणि पिळायला वाकावं लागत नाही. कपाटांचं पण तसंच, एकतर जमिनीपर्यंत पूर्ण बंद नाहीतर मॉप आरामात जाईल एवढं उचललेलं, मधलं दोन-तीन इंचाचं सांदीकोपऱ्याचं काही ठेवलंच नाही. टेबलटॉपला मॅट फिनिश, फिकट लाकडी रंग. कार्पेट काढून खालची मूळ व्हिट्रिफाईड फरशी मोकळी केली आणि दारात आत-बाहेर दोन पायपुसणी, बाहेर खरखरीत, आत शोषून घेणारं, दोन्ही चांगली लांब, म्हणजे माणूस तीन-चार पावलं चालल्याशिवाय फरशीवर येतच नाही. ह्या एका गोष्टीनं पावसाळ्यातला चिखल अर्ध्याहून कमी झाला.

सीलिंगची खोबण बंद केली, सपाट पॅनेल लाईट लावले. लाईटबद्दल एक चांगलं काम केलं की दादांनी उजेड मोजायचा लक्स मीटर आणला होता. लिहिण्या-वाचण्याच्या आणि कॉम्प्युटरच्या कामाला टेबलावर साधारण ५०० लक्स उजेड हवा असं मानतात, आमच्या कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर त्याच्या निम्माही नव्हता, आणि माझ्या केबिनमध्ये मात्र नको तेवढा. आता सगळीकडे ४००० केल्विनचे न्यूट्रल व्हाईट आहेत, ना तो पिवळा हॉटेलसारखा ना निळसर पांढरा. मार्च एंडला रात्री उशिरापर्यंत बसायचं असतं तेव्हा डोळ्यांना फरक कळतो.

पार्टिशनवरून थोडी चर्चा झाली. माझ्या पार्टनरला पूर्ण ओपन ऑफिस हवं होतं, हल्ली सगळीकडे तेच दिसतं म्हणून. दादांनी शांतपणे विरोध केला आणि मला ते पटलं. ओपन ऑफिस काही नवीन नाहीच, जर्मनीत १९५० च्या दशकाच्या शेवटी भिंती काढून टेबलं मोकळी मांडायची कल्पना आली, मग अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्टनं हर्मन मिलर कंपनीसाठी १९६० च्या दशकात हलती पॅनेल आणि वेगवेगळ्या उंचीची टेबलं असलेली सिस्टिम काढली, त्याला माणसाला हालचाल आणि थोडा आडोसा दोन्ही द्यायचं होतं, पण कंपन्यांनी स्वस्तात जास्त माणसं कोंबायला तिचेच क्युबिकल करून टाकले. म्हणून मग परत भिंती पाडायची लाट. आणि हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांचा अभ्यास छापला, त्यात ओपन ऑफिसमध्ये गेल्यावर समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल-मेसेज वाढले. आमच्या धंद्यात तर अजून एक अडचण, क्लायंटला नोटीस आलेली असते, तो फोनवर टेन्शनमध्ये असतो, त्याचा टर्नओव्हर, त्याच्याकडे निघालेली टॅक्सची डिमांड हे सगळं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या क्लायंटला ऐकू जाणं बरोबर नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. स्टाफ मोकळ्या हॉलमध्ये, टेबलांच्या मध्ये बसल्यावर डोळ्यापर्यंत येईल एवढंच पार्टिशन, आणि एका कोपऱ्यात फोनसाठी आणि क्लायंटशी खाजगी बोलण्यासाठी छोटी बंद केबिन. ती केबिन दिवसभर भरलेली असते. पार्टिशनला कापड लावायचं का ह्यावरही बोलणं झालं, कापडानं आवाज कमी होतो पण धूळ धरते, तर वरच्या अर्ध्या भागाला कापड आणि तेही चेनवालं, काढून धुता येणारं. इतका बारीक विचार मी आधी कोणाकडून बघितला नव्हता.

फाईलींचा विषय वेगळा लिहायलाच पाहिजे, कारण टॅक्स ऑफिसमध्ये खरी घाण तिथं असते. आमच्याकडे व्हॅटच्या काळातल्या बॉक्स फाईली, त्याच्याही आधीची कापडात बांधलेली गाठोडी, सगळं उघड्या रॅकवर. कागदाला कसर लागलेली, खालच्या रांगेत एका जागी वाळवीची माती. ह्या टीमचे मालक आधी अंबडच्या एका कारखान्यात होते त्यामुळे त्यांना फाईव्ह एस तोंडपाठ. सातपूर-अंबडला ज्यांचं काम आहे त्यांना हे माहितीच असेल, जपानी कारखान्यांतून आलेली पद्धत, आधी नको ते काढायचं, मग उरलेल्याला ठरलेली जागा द्यायची, मग साफ करायचं, मग ते टिकवायचं. आमचे किती तरी क्लायंट ऑटो कंपन्यांचे व्हेंडर आहेत, त्यांच्या शॉप फ्लोअरवर पिवळे पट्टे मारलेले असतात, स्पॅनरच्या जागेवर पण त्याचा आकार रेखलेला असतो, आणि त्याच कंपनीच्या अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये गेलं तर पाय ठेवायला जागा नसते. मालकांनी आम्हाला लाल टॅगचं एक बंडल दिलं आणि सांगितलं की ज्या फाईलीबद्दल शंका आहे तिला टॅग लावा, तारीख टाका, आणि कोपऱ्यात एका जागी ठेवा. साफ करणाऱ्यांनी फाईल फेकायचा निर्णय घ्यायचा नाही हे त्यांनी स्वतः आधी बजावलं, हे मला फार आवडलं. निर्णय आम्हीच घेतला. जीएसटीचे हिशोब ॲन्युअल रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि अपील वगैरे चालू असेल तर त्याचा निकाल लागून एक वर्ष किंवा ही मुदत, जे नंतर येईल तोपर्यंत. ते धरून आम्ही वेगळं काढलं, क्लायंटना फोन करून ज्यांचे कागद त्यांना परत दिले, बाकीचं श्रेडरमधून. उघडे रॅक गेले, बंद स्टीलची कपाटं आली, आतल्या फाईलीला नंबर आणि दारावर यादी. वाळवीची ट्रीटमेंट मात्र ह्यांच्या कामात येत नाही, ती वेगळ्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्यावी लागली, हे आधी विचारून घ्या. बंद पडलेले कीबोर्ड, जुने मॉनिटर, यूपीएस हे घंटागाडीत टाकायचं नाही म्हणून ते ई-वेस्ट घेणाऱ्या अधिकृत रिसायकलरकडे दिलं, फोन नंबर ह्यांनीच मिळवून दिला.

डीप क्लीनिंग रविवारी असतं. पहिल्या वेळी मी पूर्ण दिवस थांबलो होतो बघायला. क्रम ठरलेला, वरून खाली आणि कोरड्यापासून ओल्याकडे. आधी जळमटं, पंख्याची पाती, लाईट, एसीच्या जाळ्या काढून पाण्याखाली धुऊन सावलीत वाळत, मग कपाटांचे माथे, खिडक्यांचे ट्रॅक (स्लायडिंगच्या त्या खाचेत आधी ब्रशनं माती मोकळी करून व्हॅक्यूमनं ओढतात, तिथूनच सगळी धूळ आत येते हे त्यांनी दाखवलं), मग टेबलं, आणि फरशी सगळ्यात शेवटी. फडकी रंगानुसार, लाल फक्त टॉयलेटला, हिरवं पॅन्ट्रीला, निळं टेबल-कपाटाला, आणि तिन्ही वेगळ्या बादल्यांत धुतात. आपल्याकडे बऱ्याच ऑफिसात एकच फडकं सगळीकडे फिरतं, बेसिनवरून थेट जेवायच्या टेबलावर, ते बघवत नाही. केमिकल हाऊसकीपिंगवाले वापरतात तीच टास्कीची रेंज, टेबलं आणि फरशीला आर-२, काचेला आर-३, टॉयलेट बाऊलला आर-६, आणि आर-२ पाण्यात मापानंच घालतात, अंदाजे बदकन ओतत नाहीत. जास्त घातलं की फरशी चिकट होते आणि धूळ अजून धरते. मॉनिटरवर स्प्रे मारत नाहीत, मायक्रोफायबर किंचित ओलं करून पुसतात, अमोनियावालं काच-क्लीनर तर स्क्रीनला लावूच देत नाहीत कारण कोटिंग जातं. प्रिंटरमध्ये सांडलेला टोनर साध्या व्हॅक्यूमनं ओढत नाहीत, तो इतका बारीक असतो की फिल्टरमधून परत हवेत येतो. बोरच्या पाण्याचे काचेवरचे डाग सौम्य आम्लाच्या पाण्यानं काढले, पण पॅन्ट्रीचा ओटा कडप्प्याचा आहे हे बघून तिथं ते लावायला ताईंनी मुलांना स्पष्ट नको म्हटलं, कडप्पा चुनखडीचा दगड, ॲसिडनं त्याची चमक कायमची जाते. आणि टॉयलेटचं ॲसिड क्लीनर आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, विषारी क्लोरीन गॅस होतो, हे मावशींनाही समजावून सांगितलं आणि दोन बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला लावल्या. सोमवारी सकाळी आलो तर फिनाईलचा भपकारा नव्हता, कसलाच वास नव्हता. स्टाफमधली ती शिंकणारी मुलगी पहिल्या आठवड्यातच म्हणाली की आता गोळी घ्यावी लागत नाही रोज.

आता जिथं मार्क कापले ते. फर्निचरचं काम सांगितलेल्या तारखेच्या बरंच पुढे गेलं, लॅमिनेट मुंबईहून यायचं होतं ते आलं नाही वगैरे, आणि आमच्या रिटर्नच्या गर्दीत सुतार ठोकाठोक करत होते, स्टाफचे हाल झाले. दोन पेडेस्टलची चॅनेल नीट बसली नव्हती, ड्रॉवर अर्ध्यात अडकायचे, त्यासाठी परत परत फोन करावा लागला, प्रत्येक वेळी "उद्या माणूस पाठवतो". झालं शेवटी, पण विकताना जेवढा उत्साह असतो तेवढा नंतर नव्हता, म्हणून तीन मार्क. क्लीनिंगच्या टीममधली मुलं अधूनमधून बदलतात, नवीन मुलाला आमचं ऑफिस माहिती नसतं, ताई स्वतः असतील तर प्रश्न येत नाही. आणि एकदा एक मुलगा हातमोजे न घालता टॉयलेट साफ करताना दिसला, मी काम थांबवायला लावलं आणि मालकांना फोन केला. त्यांनी कारणं सांगितली नाहीत, तासाभरात ग्लोव्हज घेऊन आले आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या किटमध्ये असतात. ज्या मुलांच्या जिवावर आपलं ऑफिस चकाचक दिसतं त्यांना साधे हातमोजे नसावेत हे मला सहन झालं नसतं, दुसऱ्यांदा दिसलं असतं तर काम बंद केलं असतं.

रेट आम्ही घेतलेल्या तीन कोटेशनमध्ये मधला होता. क्लीनिंग स्क्वेअर फुटावर, टॉयलेट आणि पॅन्ट्री वेगळी धरतात, जीएसटी बिल व्यवस्थित मिळतं. खुर्च्यांची शाम्पूइंग आणि बाहेरून काचा पुसणं ह्याचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्ये बारीक अक्षरात असतं, आधीच लिहून घ्या. कबुतरांसाठी जाळी लावून देतात पण तीही वेगळी. ज्यांना एकदम भपकेबाज, क्लायंटला दिपवणारं ऑफिस हवंय त्यांना ह्यांचं डिझाईन साधं वाटेल. दवाखाना, क्लास, वकिलांचं ऑफिस, अकाउंट्सचं काम, जिथं कागद भरपूर आणि माणसांची ये-जा भरपूर तिथं मी डोळे झाकून ह्यांना सांगेन. सातपूर, अंबड, नाशिकरोड सगळीकडे येतात.

दिवाळीच्या आधीचे रविवार लवकर भरतात त्यामुळे लक्ष्मीपूजनाआधी ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी गणपती उठले की लगेच फोन करा. आणि साईट बघायला येणार असतील त्या दिवशी ऑफिस झाडणाऱ्या मावशींना लवकर घरी सोडू नका, त्यांना थांबवून घ्या आणि त्या वेळेचे पैसे द्या.